फळीचा मान

मंजुळाक्काशी आमच्या घराचं भांडण होतं आणि ते उत्तम चाललं होतं. इतर घरांतून वडिलोपार्जित वीणा असते, दागिना असतो, निदान मूळव्याध असते. आमच्याकडे मंजुळाक्का होती. माझं लग्न होऊन सुगुणा घरी आली तेव्हा आईने तिला पहिल्या दिवशी विहीर दाखवली, दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरण्या दाखवल्या आणि तिसऱ्या दिवशी खिडकी बोटभर उघडून समोरचं घर दाखवलं.

"ती बघ, पांढरा मग घेऊन उभी आहे ती. नात्याने तुझी आत्तेसासूच. तिच्याशी बोलायचं नाही."

"का?"

आई घोटाळली. "मामंजींना विचार," म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. मामंजी म्हणजे माझे आप्पा, निवृत्त हेडमास्तर. त्यांना काही विचारायचं तर आधी हात वर करावा लागे. तेव्हा सुगुणाने मला विचारलं. मी सांगितलं, "सुरुवात तिने केली." हे उत्तर मी चड्डीत होतो तेव्हापासून देत आलो होतो आणि तोवर ते कोणी तपासलं नव्हतं.

आमच्या गल्लीतलं बोलणं मी इथे जरा तुमच्यासारखं करून लिहितो आहे. जसंच्या तसं लिहिलं तर अर्धं तमिळ, पाव इंग्रजी आणि उरलेलं तुमच्या पणजोबांच्या वेळचं मराठी निघेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की या गृहस्थाला ताप आहे.

गल्ली तंजावूरच्या राजवाड्यामागची. सगळे मराठी, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी, म्हणून सगळ्यांची भांडणंही एकमेकांशीच. पण बाकीची भांडणं हंगामी असत. लग्न निघालं की मिटत, पंगत उठली की पुन्हा सुरू होत. मंजुळाक्काचं तसं नव्हतं. तिचं सगळ्या गल्लीशी, बारा महिने, सरसकट होतं.

ती आप्पांच्या चुलत घरातली बहीण. लग्न करून याच गल्लीत आली, लवकर विधवा झाली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. उंच, सडसडीत, हातात पुरुषी घड्याळ, डोक्याला वर्षानुवर्षं हेडफोनचा पट्टा, त्यामुळे उजवा कान जरा पुढे झुकलेला. तो कान पाहिला की वाटे, ही आत्तासुद्धा कुठलं तरी बोलणं ऐकते आहे. टेलिफोनवर तिचा आवाज मधासारखा होता असं लोक सांगत. आम्ही तो आवाज ऐकला नाही. गल्लीत तिने दुसरा ठेवला होता.

माणसांना ती नावाने हाक मारत नसे. आप्पा म्हणजे "हेडमास्टर". मी विमा कंपनीत कारकून, म्हणून मी "इन्शुरन्स". आई "हेडमास्टरचं घर". बोलणं संपलं असं तिला वाटलं की ती "कट!" म्हणे आणि पाठ फिरवी, तुमचं वाक्य अर्धं राहिलं तर तो तुमचा प्रश्न. मुलांचा चेंडू तिच्या अंगणात गेला तर विळीवर मधोमध चिरलेला परत येई. दोन्ही अर्धुकं भिंतीवर शेजारी शेजारी मांडलेली असत, म्हणजे फसवल्याची तक्रार करायलाही जागा नाही.

आता आप्पांचं आणि तिचं नेमकं कशावरून फिसकटलं ते. माझ्या बहिणीच्या सोयरिकीचं पापनाशमच्या एका घराशी बोलणं चाललं होतं. त्या वेळी पापनाशमला बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. आप्पांनी नंबर मागितला, मंजुळाक्काने जोडून दिला. आप्पा मुलाच्या बापाला सांगू लागले की मुलगी वीणा फार सुंदर वाजवते. तोवर लाइनीत आवाज आला, "वीणा तिच्या मोठ्या बहिणीची. ही झाकणसुद्धा काढत नाही." आणि फोन बंद.

आप्पा एक्स्चेंजमध्ये धावत गेले. मंजुळाक्का दाराशी येऊन म्हणाली, "खोटं सांगायला सरकारची लाइन नाही. पोस्टकार्ड घ्या, त्यावर काय ते लिहा. कट!"

सोयरीक तरी झाली. बहीण पापनाशमला सुखात आहे आणि अजून वीणेचं झाकण काढत नाही. पण आप्पांनी त्या दिवसापासून मंजुळाक्काशी बोलणं टाकलं. तिच्याशी म्हणायचं ते सगळं ते आमच्या ओट्यावर उभे राहून हवेला उद्देशून म्हणत. हवा समोरच्या ओट्यावरून उत्तर देई.

मग देशाची दारं उघडली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला, एक्स्चेंजमध्ये आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि मंजुळाक्काला मुदतीआधी घरी पाठवलं. ज्या दिवशी ती कायमची घरी आली त्या दिवशी गल्लीत जे जे उद्योग चालू होते त्या सगळ्यांचे वाईट दिवस सुरू झाले. तिच्यापाशी वेळ होता. आणि तिच्यापाशी फळी होती.

ही फळी समजली तरच पुढचं समजेल, म्हणून सांगतो. आमच्या गल्लीखालून दगडी वाय्क्काल जातो, म्हणजे पाट. तो फक्त पावसाच्या पाण्याचा. छपरांवरचं आणि रस्त्यावरचं पाणी त्यात पडायचं. गल्लीच्या शेवटी, मंजुळाक्काच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये, तो दुभंगतो. एक तोंड चिंचतळ्याकडे जातं. दुसरा फाटा आमच्या पुढच्या दारावरून जुन्या किल्ल्याच्या खंदकाकडे. दोन्ही तोंडांना दगडात खोबण आहे आणि त्यांत बसणारी फणसाच्या लाकडाची फळी एकच. ज्या खोबणीत फळी, ते तोंड बंद.

एरवी फळी तळ्याच्या तोंडाला लावलेली असायची. ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, आमच्याकडचा खरा पाऊस सुरू होतो. त्याच्या पहिल्या सरी छपरांवरची कावळ्यांची शिट, रस्त्यावरचं शेण आणि स्कूटरचं तेल असं वर्षाचं सगळं धुऊन आणतात. ते काळं पाणी खंदकाला जाऊ द्यायचं. पाणी निवळलं की फळी काढून दुसऱ्या खोबणीत घालायची, मग चांगलं पाणी तळ्यात. तळं भरलं की गल्लीतल्या विहिरींना पाझर. फाट्यालगतच्या घराने फळी सांभाळायची, अशी जुनी पद्धत.

फाट्यालगतची घरं मात्र दोन होती.

आप्पांचं म्हणणं, फळीचा मान मूळचा आमच्या घराचा. माझे आजोबा एकदा अंथरुणाला खिळले, तेवढ्यात मंजुळाक्काच्या सासऱ्याने तो पळवला. मान हा शब्द ऐकून हसू नका. आमच्याकडे देवळातली पहिली माळ कोणाच्या गळ्यात, यावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो. इथे तर सबंध फळी होती.

पाणी निवळलं हे ठरवायचं कसं, तर मंजुळाक्काचा एनॅमलचा मग. एक्स्चेंजच्या कँटीनमधला, तळाशी निळं फूल रंगवलेलं. पावसात ती फाट्यावर उभी राहायची, तो मग पाण्यात बुडवून काढायची आणि आत बघायची. फूल दिसलं की फळी उचलून पलीकडे ठोकायची आणि ओरडायची, "कनेक्टेड!" तोवर सगळ्या गल्लीचा मळ आमच्या दारावरून वाहत असे. आप्पा ओट्यावरून हवेला सांगत, "फूल केव्हाचं दिसतं आहे. मुद्दाम उशीर चालला आहे." समोरून हवा म्हणे, "ज्याला एवढं दिसतं त्याने चष्मा विकून टाकावा." ती मुद्दाम उशीर करत नव्हती असं मी आजही छातीठोक सांगणार नाही. आमच्या ओट्याची खालची पायरी बुडाली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला समाधान सोडून दुसरा शब्द नाही.

नव्या दिवसांबरोबर आमच्या घरी वॉशिंग मशीन आलं, गल्लीतलं पहिलं. ते ठेवायला जागा हवी म्हणून आप्पांनी परसातला केळीचा गड्डा खणून काढला आणि तिथे फरशी घातली. आजवर न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी त्या केळींना जायचं. आता ते कुठे जाणार हा प्रश्न आला आणि आप्पांनी तो पाच मिनिटांत सोडवला. घराच्या कुशीवरून वाय्क्काल जात होता, त्यात पाइप सोडला. पाठोपाठ गल्लीतल्या इतरांनीही नव्या न्हाण्या बांधल्या आणि पाइप सोडले. हेडमास्तरांनी केलं म्हणजे ते अभ्यासक्रमात असणारच.

मशीन पहिल्यांदा चालू करायचं तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. कपडे फिरताना बघून आईने हात जोडले. मग पाणी सोडायची वेळ आली आणि ते पाणी बाहेर जाण्याऐवजी मोरीतून वर आलं, फरशीवर पसरलं आणि फेसासकट स्वयंपाकघरात शिरलं. मी पाहायला बाहेर धावलो. आमच्या पाइपाच्या तोंडात नारळाची अख्खी सोडणं चिखलाने लिंपून कोंबली होती आणि शेजारी मंजुळाक्का हात धूत होती.

आप्पा इतके संतापले की हवेला न सांगता थेट बोलले. "काय चालवलं आहेस हे?"

"राँग कनेक्शन," ती म्हणाली. "काढून टाकलं."

"ते खंदकाला जातं पाणी! तळ्याचा संबंध काय?"

"आणि ऐप्पसीत मी लाइन तळ्याला दिली असेल तेव्हा?"

"पावसात मी मशीन लावणार नाही. झालं?"

"अय्यो, हेडमास्टर! पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून तर घेतलंस ना ते?"

 वादात हरले की आप्पा मला हाक मारत. "अरे, बघत काय उभा आहेस? काढ ती सोडणं!" मी ओणवा होऊन सोडणं ओढू लागलो. ती निघाली, पण त्यामागे तुंबलेलं होतं ते सगळं माझ्या शर्टावर आलं. मंजुळाक्का वाकून म्हणाली, "इन्शुरन्स, याची भरपाई मिळते काय रे? कट!"

त्यानंतर रोजचं होऊन बसलं. आप्पा पाइप मोकळा करत, ती बुजवी. नुसता आमचाच नाही, सगळ्यांचा. गल्लीच्या वरच्या अंगाला नवं लग्नाचं मंडपम् झालं होतं. तिथलं खरकटं पाणीही वाय्क्कालात सोडलेलं. ऐन मुहूर्ताला तिने ते तोंड चिंध्यांनी बंद केलं आणि पायसाचं पाणी नादस्वरम् वाजवणाऱ्यांच्या बैठकीखाली शिरलं. ते वाजवत वाजवतच उठले म्हणतात.

इतकं झाल्यावर गल्ली एक झाली. आप्पांनी 'गल्ली सुधारणा संघ' काढला आणि आमच्या ओट्यावर सभा घेतली. बायका खिडक्यांतून ऐकत होत्या. आप्पा म्हणाले, "पाइप हा पुढचा प्रश्न. मूळ प्रश्न मानाचा आहे. फळी एकीच्या हातात आहे म्हणून ही अरेरावी. फळी गल्लीची, मान मूळ घराला परत गेला पाहिजे." सगळ्यांनी होय म्हटलं. विहिरींचं पाणी कुठून येतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण तो विषय सभेपुढे नव्हता.

मला दूत म्हणून पाठवलं, कारण मी निरुपद्रवी दिसतो. आईने डब्यात सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, घालून दिलं, "वन्संना आवडतं." मंजुळाक्काने दारातच डबा उघडला, उभ्याउभ्या सगळं सुंडल खाल्लं, रिकामा डबा परत दिला आणि म्हणाली, "मीठ कमी. काय म्हणतो संघ?"

मी चाचरत सांगितलं. वाटलं होतं, आता डबा डोक्यात बसणार. पण तिने डोळे फाट्याकडे वळवले.

"विहीर किती खोल आहे रे तुमची?" तिने विचारलं.

"मोजली नाही, अक्का."

"कोणीच मोजली नाही. खाली बघायला कोणी वाकत नाही, दोर सोडला की पाणी वर येतं." मग नेहमीच्या आवाजात, "ने फळी. पण हेडमास्टरला सांग, फळी घरात ठेवायची वस्तू नाही. खोबणीत राहायची वस्तू आहे. माझ्याकडे एक दिवससुद्धा ती घरात नव्हती. कट!"

हा निरोप मी आप्पांना पोचवला. पण "ने फळी" एवढं ऐकल्यावर त्यांनी पुढचं ऐकलं नाही.

मुहूर्त काढला तो आयुधपूजेचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात: विळी, कातर, सायकल, सुताराचा रंधा, कारकुनाचं पेन. चंदनकुंकू लावायचं, फुलं वाहायची आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा झाली की मगच उचलायचं. आम्ही विमा कंपनीतले लोक हा नियम फार मनापासून पाळत असू.

सकाळी फळी खोबणीतून काढली, धुतली, पुसली. तिला जरीचा पदर गुंडाळला आणि नादस्वरम्-तविल, म्हणजे सनई-ढोल, लावून, गल्लीला वळसा घालून मिरवत आमच्या घरी आणली. थोरला मुलगा म्हणून ती माझ्या डोक्यावर. फणसाचं लाकूड किती जड असतं हे मला त्या दिवशी समजलं. मंजुळाक्काच्या ओट्यापुढे वाजंत्री मुद्दाम थांबले आणि जोरात वाजवू लागले. ती दारात उभी होती. तिने उजव्या कानावर हात ठेवला, बस्स.

फळी देवघरात मधोमध बसली, एका बाजूला वॉशिंग मशीनला टिळा, दुसऱ्या बाजूला आप्पांची जुनी छडी. संघाचे लोक जेवून, पान खाऊन ओट्यावर लवंडले. ऐप्पसी लागायला अवकाश होता. आभाळाकडे कोणी पाहिलं नव्हतं.

दुपारी अंधारून आलं आणि एकदम कोसळला. बोलता बोलता गल्लीत घोट्याएवढं पाणी झालं. पाणी काळं होतं. वर मंडपमात त्या दिवशी साखरपुडा होता, त्याचं खरकटं आलं. मग पाइपांतलं आलं. आणि आमच्या दारावरून मात्र काहीच गेलं नाही. आप्पा ओट्याच्या कडेला जाऊन कौतुकाने पायरीकडे बघू लागले. "कोरडी!" ते म्हणाले. "बघ! मान घरी आला आणि पायरी कोरडी!"

पायरी कोरडी होती, कारण तळ्याचं तोंड उघडं होतं. ते खंदकाच्या फाट्याहून खाली. बंद करायला फळी नसेल तर पाणी तिकडेच जाणार. ते फेसाळ काळं पाणी भरधाव चिंचतळ्यात चाललं होतं.

मंजुळाक्का पावसात आली. छत्री नाही, चप्पल नाही. "फळी!" ती ओरडली. "हेडमास्टर, फळी लाव!"

आप्पा घोटाळले. त्यांना पाणी दिसत होतं. ते मूर्ख नव्हते, नुसते हेडमास्तर होते. "पूजेत आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी पुनःपूजा झाली की…"

"उद्या? तळं उद्यापर्यंत थांबेल काय?"

"पूजेतलं आयुध उचलत नाहीत. तुला ठाऊक नाही?"

गल्ली सगळी दारांत उभी. कोणी पुढे होईना. मी तर नाहीच. मी पायरीवर एक पाय खाली, एक पाय वर, असा दोन्ही पक्षांना चालेल असा उभा होतो.

मंजुळाक्का ओटा चढली. इतक्या वर्षांत तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. चिखलाच्या पायांनी ती सरळ देवघरात गेली. आई तिथेच होती. आईने तिला अडवलं नाही, उलट समई जरा बाजूला सरकवली. मंजुळाक्काने फळी उचलली, माळेसकट, चंदनकुंकवासकट, आणि काखेत मारून बाहेर आली. आप्पा ओरडले, "पाप आहे हे!"

"असू दे, माझ्या नावावर लाव," ती म्हणाली आणि फाट्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने फळी तळ्याच्या खोबणीत बसवली आणि टाचेने ठोकली. झेंडूची माळ सुटून वाहत आमच्या दाराकडे आली. मागोमाग सगळ्या गल्लीची घाण. पायरी बुडाली, दुसरी बुडाली, संघाच्या चपला तरंगत खंदकाकडे गेल्या.

पण जे जायचं ते आधीच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचतळ्याच्या पायऱ्यांवर मासे उलटे पडले होते, पांढरी पोटं वर. आणि गल्ली काय म्हणाली असेल? म्हणाली, पूजेतली फळी उचलली म्हणून मासे मेले. मोठमोठी शिकलेली माणसं म्हणाली. काहींनी तिच्या दारात थुंकून दाखवलं. दूधवाल्याने तिला दूध घालणं बंद केलं. तिने ताक पिणं सोडलं आणि काळी कॉफी सुरू केली. तीसुद्धा ओट्यावर सगळ्यांसमोर बसून, चवीने.

काही दिवसांनी आईने विहिरीतून घागर काढली तर वर फेस. रसमला साबणाचा वास यायला लागला. आप्पांनी पहिला भुरका घेतला, थांबले आणि निमूट दुसरा घेतला.  आईने मला हाक मारून पाइपाचा वाय्क्कालाकडचा तुकडा काढायला लावला, फरशी फोडायला लावली आणि केळीचे मुनवे आणून लावले. मशीनचं पाणी पुन्हा परसात. आप्पा बघत होते. "जागा लहान होईल," एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "मान ठेवायला कुठे एवढी जागा लागते?"

हेडमास्तरांच्या घराने केलं, म्हणून हळूहळू इतरांनीही केलं. मंडपम्‌वाला मात्र ऐकेना. त्याच्या मोरीत मग प्रत्येक मुहूर्ताला चिंध्या सापडत गेल्या. शेवटी कंटाळून त्याने मागच्या अंगाला शोषखड्डा खणला. फळी परत मागायला कोणी गेलं नाही. ती खोबणीतच होती. तळं सुधारायला काही पावसाळे लागले, विहिरींना त्याहून जास्त. तोवर मंजुळाक्काचे कोणी आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर तिने काय केलं असतं याची मला कल्पना आहे.

एका ऐप्पसीत ती नेहमीसारखी फाट्यावर उभी होती. पाऊस चांगला, पाणी नितळ झालेलं. आमच्या दारावरून वाहत होतं त्यात पायाची बोटं दिसत होती. ती मग बुडवी, आत बघे, ओतून देई. पुन्हा बुडवी. आप्पा ओट्यावरून हवेला म्हणाले, "चांगलं पाणी खंदकात चाललं आहे. तळं काय पुढच्या वर्षी भरणार? दिसत नाही काय फूल?"

नेहमीप्रमाणे समोरून काहीतरी यायला हवं होतं. मंजुळाक्काने मान वर केली आणि आप्पांच्या दिशेने, पण जरा बाजूला बघत म्हणाली, "नाही."

आप्पा दाराकडे वळले. मग दारातून माझ्यावर खेकसले, "जा, फळी फिरव!" मी जाऊन फिरवली. ती "कनेक्टेड" म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी कोइम्बतूरचा पुतण्या तिला न्यायला आला. दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. निघायच्या दिवशी पावसाची पहिली सर आली, काळी, नेहमीसारखी. टॅक्सी फाट्यापाशी उभी होती. तिला टॅक्सीपर्यंत न्यायला मी आप्पांची छत्री घेऊन गेलो, जिच्यावर पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव लिहिलेलं होतं. ती माझा हात झिडकारून, छत्री मात्र धरून चालली. आमच्या ओट्यापाशी थांबली, चाचपडत आपला एनॅमलचा मग ओट्याच्या कडेला ठेवला आणि टॅक्सीत बसली. आईने "वन्सं" म्हटलं तेव्हा तिने दार ओढून घेतलं.

आप्पा आत खुर्चीत होते. उठले, बाहेर आले, तो मग हातात उचलून घेतला आणि भिजत फाट्यावर जाऊन उभे राहिले.

टॅक्सी सुरू झाली. खिडकीतून तो झुकलेला कान आणि मागोमाग आवाज बाहेर आला, "हेडमास्टर! फूल दिसतं काय?"

आप्पांनी मग बुडवला, डोळ्यांपाशी नेला. "नाही दिसत!" ते ओरडले.

"मग उभा राहा!"

टॅक्सी वळली. आप्पा उभे राहिले. पाणी आमच्या दारावरून जात होतं, पहिली पायरी बुडाली, दुसरीही. मी म्हटलं, "आप्पा, पुष्कळ झालं, आता फिरवू या." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा मगात पाहिलं, फळी उचलली, पलीकडच्या खोबणीत घातली, टाचेने ठोकली. गल्लीत ऐकायला कोणी नव्हतं. ते टॅक्सी गेली त्या वळणाकडे तोंड करून, सगळा दम एकवटून ओरडले, "कनेक्टेड!"

मग ओट्यावर आले, डोकं पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझी छत्री घेऊन गेली ती."